कपाटातली रात्रपाळी

(सप्टेंबरचा पहिला आठवडा, तिकडच्या हिवाळ्याची अखेर. दुपारचे तीन. उरुग्वेतल्या एका नदीकाठच्या गावात, झोपायच्या खोलीतल्या बंद कपाटासमोर वाल्देमार आणि त्याची बायको निबिया.)

वाल्देमार : उघडू नकोस! निबिया, तुझ्या पाया पडतो, हात काढ त्या कडीवरून.

निबिया : माझा कोट आहे आत.

वाल्देमार : आहे ना. कुठं पळून चाललाय? रात्री आठला ये. आठला दिवा लागतो. मग हवं तेवढं उघड, हवा तेवढा वेळ उघड.

निबिया : माझ्याच लग्नातल्या कपाटातून माझाच कोट काढायला मी रात्री आठची वेळ घेऊन यायचं? दवाखाना आहे का हा?

वाल्देमार : हळू बोल जरा.

निबिया : का?

वाल्देमार : झोपलीय.

निबिया : कोण झोपलंय?

वाल्देमार : तुला माहीत आहे कोण.

निबिया : नाही, तू तोंडानं म्हण. लाजू नकोस.

वाल्देमार : बोलण्यानं तिला काही होत नाही म्हणा. सवयीनं म्हणून गेलो. उजेडानं होतं. फुलावर आलीय ती. बारा तास उजेड, बारा तास काळोख, असं घड्याळ लावून चालायचं असतं. काळोखाच्या वेळी उजेड शिरला की बिथरते. फुलं टाकून पुन्हा पानं काढत बसते.

निबिया : ‘ती’!

वाल्देमार : मादी आहे म्हणून म्हणतो. फुलं मादीचीच घेतात. नर असला तर उपटून टाकतात.

निबिया : बरोबर करतात.

वाल्देमार : तीन आठवडे राहिलेत फक्त. तीन आठवड्यांनी कापतो, सुकवतो, बरण्यांत भरतो, आणि कपाट तुझं.

निबिया : जुलैत काय म्हणाला होतास? दोन आठवडे म्हणाला होतास. तेव्हा ते न्हाणीघरात होतं आणि मी त्याच्यासमोर आंघोळ करत होते. मग उंच झालं म्हणून कपाटात आलं. माझे कपडे खोक्यांत गेले. मधली फळी तू करवतीनं कापलीस. मग तो पंखा. मग तो दिवा. वाल्देमार, सगळ्या जगातली झाडं दिवसा जागतात आणि रात्री झोपतात. आपल्याच घरात उलटं का?

वाल्देमार : रात्री वीज स्वस्त पडते.

निबिया : रात्रभर कपाटाच्या फटींतून जांभळा उजेड माझ्या तोंडावर! उडती तबकडी उतरल्यासारखा. आणि तो वास! अजून कपड्यांतून जात नाही. परवा बँकेत गेले, गळ्याला तो हिरवा स्कार्फ होता. खिडकीतल्या पोरानं वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि डोळा मारला. वर म्हणतो, ‘मावशी, तुम्ही पुढं या, तुम्हाला रांग नाही.’

वाल्देमार : बरंच झालं की.

निबिया : अडुसष्ट वर्षांची बाई आहे मी!

वाल्देमार : सरकारनंच परवानगी दिलीय घरी गांजा लावायला. नोंदणी केलीय मी. रीतसर. पोस्टात जाऊन, नाव देऊन, अंगठा देऊन. चोरी केलीय का काही?

निबिया : चोरी केली असतीस तर निदान पोलिसांनी नेलं असतं. आता ऐक. मी नुसती कोटासाठी आले नाही. चार वाजता सुल्माच्या शेजारचा पोचो पिकअप घेऊन येतोय. शिलाई मशीन न्यायचंय, आणि आईची खुर्ची.

वाल्देमार : कुठं?

निबिया : सुल्माकडं. अजून कुठं? सहा आठवडे तिच्या मशीनवर शिवतेय, तिचं मशीन दात-ओठ खातं.

वाल्देमार : मशीन नेतेस?

निबिया : सांगितलं ना आता.

वाल्देमार : नाही, पण मशीन... मी समजत होतो तू रागावून बहिणीकडं गेलीयस. रागावून गेलेलं माणूस चप्पल घालतं नि जातं. मशीन नेतं ते राहायला जातं.

निबिया : सुल्माच्या घरात रात्री काळोख असतो. आणि दिवसा मी तिथं मोठ्यानं बोलते. बशी हातातून पडली तर पडली. तुला माहीत आहे मला बशी पाडून किती बरं वाटलं? पहिल्या दिवशी एक पडली. दुसऱ्या दिवशी एक मी मुद्दाम पाडली.

वाल्देमार : बशी इथं पाड. मी कधी नको म्हटलंय?

निबिया : तू नाही म्हटलंस. तू झोपायचास. लोकरीच्या गिरणीत एकतीस वर्षं रात्रपाळी केलीस, आणि त्या एकतीस वर्षांची दिवसपाळी मी केली, चवड्यांवर. पोरांना शिकवलं, बाबा झोपलेत, दार लोटायचं नाही, रडायचं असेल तर अंगणात जाऊन रडायचं. मशीन मी फक्त पाच ते सात चालवायची, तू उठल्यावर. कुत्र्यालासुद्धा हळू भुंकायला लावलं होतं आपण. खिडकीवर ती काळी घोंगडी. माझ्या घरात दिवसा ऊन कसं येतं, ते मी पंचावन्न वर्षांची झाल्यावर पाहिलं.

वाल्देमार : माहीत आहे मला.

निबिया : गिरणी बंद झाली तेव्हा सगळं गाव रडत होतं. मीही रडले, लोकांसमोर. घरी येऊन ती घोंगडी खाली ओढली आणि नाचले. म्हटलं, आता म्हातारा माझ्याजवळ झोपेल. एकतीस वर्षं मी एका माणसासाठी चवड्यांवर चालले, ठीक आहे, तो पोरांसाठी राबत होता. पण आता मी एका झाडासाठी चवड्यांवर चालणार नाही. नाही म्हणजे नाही.

वाल्देमार : किती वाजले?

निबिया : सव्वातीन.

वाल्देमार : लिबेर! ए लिबेर! अंगणाच्या भिंतीशी आहेस का?

निबिया : त्याला कशाला हाक मारतोस? हे खूळ त्यानंच तुझ्या डोक्यात घातलंय.

लिबेर : इथंच आहे, शेजारी! खोक्यावर उभा आहे. नमस्कार, शेजारीणबाई! मी काही ऐकत नव्हतो.

निबिया : ऐकत नव्हतास तर खोकं तिथं काय करतंय?

वाल्देमार : लिबेर, आत्ता बाहेर काढली तर?

लिबेर : कोणाला? शेजारीणबाईंना?

वाल्देमार : झाडाला रे!

लिबेर : आत्ता? फुलावर असताना? शास्त्र असं आहे शेजारी, की घरातलं झाड एकदम बाहेर काढायचं नसतं. रोज एक तास सावलीत, मग दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन. लहान मूल पहिल्यांदा शाळेत सोडतात तसं.

वाल्देमार : माझ्याकडं पाऊण तास आहे.

लिबेर : आणि तुमची तर रात्रपाळीची. आत्ता तिची मध्यरात्र आहे. मध्यरात्री उठवून उन्हात उभी करणार? मी असतो तर उद्या पहाटेपर्यंत काळोखातच ठेवली असती. लांब झोप होऊ द्यायची, आणि सूर्याबरोबर बाहेर. काही बिघडत नाही तिचं.

वाल्देमार : उद्या पहाटे उपयोग नाही.

लिबेर : मग आता दिवस मोठा होत चाललाय, तेही आहे. अजून रात्र दिवसापेक्षा मोठी आहे म्हणून फुलं टिकतील. दोन-तीन आठवड्यांनी दिवस वरचढ झाला, की हिला वाटणार उन्हाळा आला, पानं काढा. आणि भिंतीबाहेर नगरपालिकेनं लावलेला तो पांढरा दिवा? तो रात्रभर तुमच्या अंगणात. म्हणजे रोज संध्याकाळी झाकायची, रोज सकाळी उघडायची. विसरलात की संपलं.

निबिया : झालं तुझं शास्त्र?

लिबेर : थोडं राहिलंय, शेजारीणबाई.

निबिया : राहू दे. वाल्देमार, तू काय करतोयस? वाल्देमार! कडीला हात लावू नकोस, दिवस आहे बाहेर! कोटाचं मी रागानं म्हणाले, रात्री लिबेरकडून पाठवून दे...

वाल्देमार : हे घे. उघडलं.

निबिया : अरे!

वाल्देमार : हा तुझा कोट. तीन वाजून अठरा मिनिटांनी. वेळ न घेता.

निबिया : केवढी झालीय ही.

वाल्देमार : सहा आठवड्यांत तू पाहिलीच नाहीस. सगळ्या फांद्यांना आलीय बघ फुलं. वरची तर मुठीएवढी आहेत.

निबिया : बंद कर. बंद कर ते दार, तिला उजेड लागतोय.

वाल्देमार : लागू दे. कुंडीची ती बाजू धर. मला एकट्याला उचलत नाही, कंबर धरते. पोचो यायच्या आत ही अंगणात गेली पाहिजे. मग ही खोली तुझी, रात्र तुझी, कपाट तुझं. मशीन इथं, खिडकीजवळ ठेव. सकाळी सहाला चालव. पहाटे चालव!

निबिया : तुला वेड लागलंय. सांता रोसा यायचीय अजून!

वाल्देमार : काय?

निबिया : आज तारीख काय? तीस ऑगस्टला सांता रोसाचा सण, त्याच्या आगेमागे पाच दिवसांत तिचं वादळ येतंच येतं. माझी आई सांता रोसा होऊन गेल्याशिवाय जिरेनियमची कुंडीसुद्धा बाहेर काढत नव्हती. आणि तू ही भरल्या फुलांची पोर बाहेर काढतोयस?

लिबेर : सांता रोसा मंगळवारीच येऊन गेली, शेजारीणबाई!

निबिया : ती? ती सांता रोसा? मंगळवारी कोणीतरी आकाशातून थुंकलं फक्त! माझ्या दोरीवरचे कपडे त्या पावसात वाळले!

लिबेर : रेडिओवर सांगितलं ना.

निबिया : रेडिओवाला तिकडं राजधानीत, माँतेविदेओत बसलाय, इमारतीत. सांता रोसाला गडगडाट लागतो, वारा लागतो, लाइट जावी लागते. कोणाचा तरी पत्रा उडावा लागतो. पत्रा उडाला का मंगळवारी कोणाचा?

लिबेर : पत्रा नाही उडाला.

निबिया : मग?

वाल्देमार : निबिया, धरतेस का? नाहीतर मी एकटा उचलतो नि मोडतो.

निबिया : धरते, धरते. हळू. अरे, फांदी! माझ्या केसांत गेली. चिकटते की रे ही! मध लावल्यासारखी.

वाल्देमार : तो डिंक. तोच महत्त्वाचा. उजवीकडं घे. पलंगाला वळसा घाल.

निबिया : उजवीकडं म्हणजे तुझ्या का माझ्या?

वाल्देमार : माझ्या.

निबिया : तू उलटा चालतोयस.

वाल्देमार : मग तुझ्या.

लिबेर : मी येऊ का मदतीला?

निबिया, वाल्देमार : नको!

लिबेर : स्वयंपाकघराच्या दारातून तिरकी घ्या! तिरकी! आधी कुंडी, मग डोकं!

निबिया : थांब. थांब, अडकलं. मागं घे.

वाल्देमार : मागं येत नाहीय. तू पुढं ढकल.

निबिया : पुढं तू आहेस. मला दिसतही नाहीस, नुसती पानं दिसताहेत. तू कुठं आहेस?

वाल्देमार : अंगणाच्या बाजूला. कुंडी चौकटीत बसली पक्की. आता दम घेऊ दे मला मिनिटभर.

निबिया : घे. मी कुठं जातेय? जाताच येत नाही मला. उंबरठ्यावर हे जंगल. चार वाजता पोचो येईल, त्याला सांग, खिडकीतून ओढून काढ म्हणावं म्हातारीला.

वाल्देमार : निबिया.

निबिया : काय?

वाल्देमार : तू दिसत नाहीयेस तोवर सांगतो. मला रात्री झोप येत नाही.

निबिया : दिवा लावून बसलास की कशी येईल?

वाल्देमार : दिव्याच्या आधीपासून. गिरणी बंद झाली तेव्हापासून. तेरा वर्षं. रात्रीचे दहा वाजले की अंग म्हणतं, चल, भोंगा झाला, डबा घे. मग मी पडून राहतो. तू झोपलीस की ऐकत बसतो. पहाटे पाचला मिटतात डोळे, सहाला तू उठतेस.

निबिया : आणि दुपारी तू त्या आरामखुर्चीत...

वाल्देमार : हो. ‘म्हातारा वाचता वाचता पेंगतो’ असं म्हणतेस ना तू, तेव्हा मी रात्रीची झोप घेत असतो.

निबिया : तेरा वर्षं?

वाल्देमार : डॉक्टरच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी डोक्यात कापूस भरतो. मग लिबेर म्हणाला, झोपायच्या आधी थोडीशी, बस, चार झुरके. त्यानं दिली होती एकदा. त्या रात्री मी अकराला झोपलो नि सातला उठलो. तू म्हणालीस, आज तू घोरलास. मला इतका आनंद झाला. म्हटलं आपली स्वतःची लावू. औषधाच्या दुकानात मिळते, पण तिथं काउंटरवर सुल्माची मैत्रीण. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, वाल्देमारला झोप येत नाही.

निबिया : आणि गावभर झालं असतं तर?

वाल्देमार : काय सांगू लोकांना? सगळं झालं आयुष्यात, पोरं झाली, घर झालं, फक्त बायकोशेजारी झोपायला शिकायचं राहिलं?

निबिया : म्हणजे माझ्याजवळ झोपता यावं म्हणून तू माझ्या खोलीत असं काही आणून ठेवलंस, की मी घर सोडून गेले.

वाल्देमार : असं म्हटलं की फार मूर्खासारखं वाटतं.

निबिया : कसंही म्हटलं तरी वाटतं!

लिबेर : शेजारी! बोलणं झालं असेल तर सांगतो, नदीकडून काळं येतंय!

निबिया : खोकं सोड आणि घरात जा, लिबेर!

लिबेर : नाही, खरंच येतंय. वारा फिरला बघा. माझ्या कोंबड्या आत चालल्या.

वाल्देमार : आता?

निबिया : आता काय आता? ढकलते मी. एक, दोन...

वाल्देमार : निघाली! निघाली, ये ये ये. ठेव इथं मधोमध.

निबिया : मधोमध? डोकं फिरलंय का? पावसात फुलं कुजतील. पडवीत घे. चुलीच्या धुराड्याच्या भिंतीला टेकव, तिथं ऊब असते. खाली विटा ठेव. आईचं जिरेनियम तिथंच ठेवायची मी.

लिबेर : बरोबर बोलतात शेजारीणबाई! फुलांत पाणी शिरलं की बुरशी! शास्त्र असं आहे...

निबिया : लिबेर, पत्रा!

लिबेर : काय?

निबिया : तुझ्या खुराड्याचा पत्रा! उडाला!

लिबेर : अरे देवा! अरे, धरा कोणीतरी!

निबिया : आता आली. ही सांता रोसा. आता बोल म्हणावं रेडिओवाल्याला.

वाल्देमार : पडवीत आली खरी, पण तो बाहेरचा दिवा? बघ, अंधारून आल्याबरोबर लागला. सरळ हिच्यावर पडतोय. झाकायला हवं काहीतरी. जाड. उजेड न जाणारं.

निबिया : थांब इथं. फांद्या धरून ठेव, वाऱ्यानं मोडतील.

वाल्देमार : कुठं चाललीस? निबिया! भिजशील!

निबिया : ही घे.

वाल्देमार : ही... ही कुठं होती?

निबिया : मशीनच्या पेटीत, तळाशी. जाळणार होते. मग म्हटलं लोकर चांगली आहे, तुम्हीच विणलेली.

वाल्देमार : आपल्या खिडकीवरची घोंगडी. चार नंबरच्या मागावरची. हे बघ, कडेला खिळ्यांची भोकं अजून आहेत.

निबिया : खिळे मीच ठोकले होते. त्या टोकाला बांध, मी ह्या टोकाला बांधते. वरून हवा खेळू दे थोडी. असं. आता पालिकेच्या बापाचा उजेडही जाणार नाही आत. एकतीस वर्षांत तुझ्या डोळ्यांवर पडला नाही तो.

वाल्देमार : रोज साडेसहाला झाकायचं आणि सकाळी उघडायचं. मी विसरलो तर?

निबिया : तू विसरशीलच. सकाळचं मी बघते. मी सहाला उठते.

वाल्देमार : सुल्माकडून येशील रोज सहाला?

निबिया : हॉर्न वाजतोय.

वाल्देमार : पोचो आला. चार वाजले.

निबिया : ऐकू येतंय मला.

वाल्देमार : काय सांगू त्याला?

निबिया : काय सांगायचंय? उघडी पिकअप घेऊन आलाय गाढव. मशीन भिजेल. पाऊस थांबला की ये म्हणावं.

वाल्देमार : लिबेर म्हणेल, हा तासाभरात थांबेल.

निबिया : लिबेरचा पत्रा कुठं आहे ते विचार आधी त्याला. सांता रोसा तीन दिवस राहते. कधी कधी जास्त राहते.

वाल्देमार : किती जास्त?

निबिया : सुल्माकडच्या माझ्या चपला तेवढ्या पोचोला उद्या आणायला सांग. आणि घरात चरबी आहे का? पाऊस लागलाय, पुऱ्यांसारख्या गरम तोर्ता तळायला हव्यात. का सहा आठवडे नुसता पावच खाल्लास?

वाल्देमार : पीठ आहे. चरबी आहे. तूच ठेवलेली, हात लावला नाही मी. थांब, पोचोला सांगून येतो. आणि कपाटातला दिवा काढून टाकतो, पंखाही.

निबिया : काढ. खिडकीही उघडी ठेव.

वाल्देमार : निबिया, पण ती तयार व्हायला अजून तीन आठवडे आहेत. मग सुकवायची. आज रात्री मला झोप नाही आली तर?

निबिया : मग मला उठव.